दुबईतल्या विन्याला, फेब्रुवारी २००९

पुणे,
१५ फेब्रुवारी २००९

प्रिय विन्या,

मंदीमुळे तुझी बांधकाम कंपनी तुला काढायला निघालीय, हे तू कळवलंस. राजीनामा लिहून देऊ नकोस. बाकीचं सविस्तर लिहितोच, पण हे आधी. ‘तूच राजीनामा दे, म्हणजे तुझं रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असं तो एचआरवाला गोड बोलून सांगतोय, त्यात फायदा कंपनीचा आहे. तुझा करार अनलिमिटेड, म्हणजे ठरावीक मुदत नसलेला, नोकरी साडेतीन वर्षांची. त्यांनी काढलं तर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराप्रमाणे पूर्ण ग्रॅच्युइटी, तू सोडलीस तर तिचे दोन तृतीयांश. मूळ पगार कागदावर मुद्दामच कमी दाखवलेला असतो हे मला ठाऊक आहे, त्यामुळे रक्कम डोळे दिपवणारी नसेल. तरी आपल्या हक्काची आहे, सोडायची कशाला?

दुसरं म्हणजे गाडीचं कर्ज आणि ती क्रेडिट कार्डं. शेवटचा हिशेब खात्यात पडला की बँक आधी आपलं येणं बघते, आणि तिकडे चेक न वटणं हा फौजदारी मामला आहे. विमानतळावर गाड्या टाकून लोक पळाल्याच्या गोष्टी इथल्या पेपरांतही येतायत. निम्म्या थापा असतील, पण तू त्या वाटेला जाऊ नकोस. गाडी पडेल भावात का होईना वीक, बँकेकडून काही देणं नसल्याचं पत्र घे आणि मगच व्हिसा रद्द होऊ दे. त्यानंतर हातात ३० दिवस उरतात, आणि मुलांची शाळा मार्चअखेर संपतेय.

आता तुझा खरा प्रश्न: इकडे आलास तर काम आहे का?

आहे. पण तू ज्या कामाची वाट बघतोयस ते नाही. नखील या तिथल्या बड्या बिल्डर कंपनीने नोव्हेंबरअखेर ५०० माणसं काढली, जानेवारीत तो किलोमीटरभर उंचीचा टॉवर थांबवला, हे तू जवळून बघितलंस. इथे कोणी काही थांबवल्याचं जाहीर करत नाही. वाकड-बाणेरला साइटवर वॉचमन असतो, क्रेन उभी असते, आणि स्लॅब महिनाभर पुढे सरकत नाही. आपल्याकडचा बिल्डर बुकिंगच्या पैशावर स्लॅब टाकतो. हिंजवडीतल्या आयटीच्या पोरांनी बुकिंग थांबवलं की स्लॅबचे साचे बांधणाऱ्या सेंट्रिंगवाल्याचे पैसे थांबतात. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजाने पैसे देते तो, ऑक्टोबरपासून ९ टक्क्यांवरून साडेपाचावर आणला, सरकारी बँका २० लाखांपर्यंतचं घरकर्ज सव्वानऊ टक्क्यांच्या आत देतायत. पण एप्रिलमध्ये नोकरी राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याला सव्वानऊ काय नि साडेअकरा काय!

आपल्या धंद्यात मंदी कुठून शिरते तेही बघण्यासारखं आहे. पहिल्यांदा आरसीसी कन्सल्टंटचं, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्याचं, ऑफिस ओस पडतं. माझ्या ओळखीच्या दोघांनी दिवाळीनंतर ड्राफ्ट्समन कमी केले. साइटवर मात्र तेव्हाही काँक्रीट पडत असतं, कारण ते दोन वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगचं असतं. म्हणून साइटवाल्याला वाटतं आपण वाचलो. तुझी पाळी आता आली ती त्यामुळेच. बाजार सुधारला तरी हाच क्रम असणार: आधी डिझाइनवाल्यांना फोन जातील, साइटवाल्यांना वर्षभराने.

आपण सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडलो ते १९९७ साल आठव. मुंबईत जागांचे भाव कोसळले होते, बिल्डर दारात उभं करत नव्हते. तरी आपल्याला काम मिळालं, ते कशामुळे? कृष्णा खोऱ्यामुळे. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मे २००० च्या आत अडवायचं, म्हणून १९९६ साली कृष्णा खोरे महामंडळ निघालं, रोखे काढले गेले, आणि सातारा-सांगलीत धरणं, कालवे, उपसा योजना एकदम सुरू झाल्या. तिकडे एक्स्प्रेसवे आणि मुंबईचे उड्डाणपूल होतेच. आपल्या वर्गातली जी पोरं फ्लॅटच्या साइटसाठी अडून बसली ती बरीच पुढे कॉम्प्युटरचे कोर्स करून सॉफ्टवेअरमध्ये गेली. आपण पत्र्याच्या खोलीत राहून कालव्याचं अस्तरीकरण मोजलं.

पण त्यातलं दुसरं अर्धंही विसरू नकोस. सगळं कर्जाऊ पैशावर चाललेलं होतं. पैसा आटला तशी कंत्राटदाराची बिलं अडकली आणि आपले पगारही. ‘बिल झालं की देतो’ हे वाक्य अजून कानात आहे. सरकारी काम मंदीत मिळतं, पण पैसे सरकारच्या सवडीने मिळतात.

आजही तसंच होतंय असं मला वाटतं. मंदीवर उपाय म्हणून काढलेल्या डिसेंबरच्या पॅकेजमध्ये केंद्राने योजनाखर्चासाठी २०,००० कोटी जादा ठेवलेत, पायाभूत कामांना कर्ज देणाऱ्या आयआयएफसीएलला १०,००० कोटींचे करमुक्त रोखे काढायला सांगितलंय. जेएनएनयूआरएम या शहरांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून पुणे, पिंपरी, नाशिक, नागपूरला पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लायनी पडतायत. मुंबईत वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचं काम वर्षभर चालू आहे, दिल्लीत पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या राष्ट्रकुल स्पर्धांची घाई. मलनिस्सारण केंद्राच्या साइटवर उभं राहायला तुला कमीपणा वाटणार नाही ना, एवढंच सांग. वास येतो, फोटो काढून फेसबुकवर टाकण्यासारखं काही नसतं, पण पाइप गाडावाच लागतो.

वेळेचं गणित मात्र वाईट आहे. लोकसभेची आचारसंहिता आता कधीही लागेल, म्हणून सगळे वर्कऑर्डर काढायच्या धावपळीत आहेत. एकदा लागली की नवीन टेंडर मे संपेपर्यंत विसर. जूनला पाऊस, मातीकाम बंद. दसऱ्याच्या सुमारास विधानसभा. त्यामुळे आलास तर लगेच ये, किंवा सहा महिने घरी बसायची तयारी ठेवून ये. पगार तिथल्या अर्ध्यावर धर, त्यातही घासाघीस होईल.

आणि मुलाखतीत साठ मजल्यांचं कौतुक सांगत बसू नकोस. इथे ते कुणाला नकोय. तू तिथे फिडिकच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नमुन्याच्या, बांधकाम करारावर काम केलंस, मुदतवाढीचे क्लेम म्हणजे दावे तयार केलेस, प्रिमाव्हेरा या सॉफ्टवेअरवर कामाचं शेड्यूल ठेवलंस, ते सांग. गेल्या उन्हाळ्यात सळईचा भाव चढला आणि वर्षअखेर धाडकन पडला. भाववाढ कुणी सोसायची यावरून प्रत्येक कंत्राटदाराचं खात्याशी वाजतंय. मंदीत बांधणारा माणूस स्वस्त होतो, बिलिंग आणि क्लेम जाणणारा महाग होतो, हे मी आमच्याच ऑफिसात बघतोय. मेजरमेंट बुकवर, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीवर, कालव्याच्या दिवसांत होती ती तुझी पकड अजून असेल तर मी आमच्या साहेबांशी बोलतो. शब्द देत नाही, कारण आमचंही पुढच्या वर्षाचं काम ठरलेलं नाही.

अबुधाबी किंवा कतारला जमलं तर आधी तेच बघ, त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे. त्यासाठी जाताना कंपनीकडून एनओसी (ना-हरकत पत्र) मागून घे, भांडून नको. सरकारी परीक्षेचं वय आपलं गेलं. माझा पुतण्या मात्र बसतोय. सिव्हिल करून आयटीत लागला होता, जॉइनिंगचं पत्र लांबत चाललंय, आता कनिष्ठ अभियंत्याचा अभ्यास करतो. त्याच्या वडिलांना कोण आनंद झालाय!

तुझ्या आईला मी काही बोललेलो नाही. परवा भेटल्या तेव्हा ‘विनूचे पैसे या महिन्यात उशिरा आले’ म्हणाल्या. त्यांना अंदाज आलाय, तेव्हा तूच फोन कर.

अनुभवाचे दाखले प्रत्येक प्रोजेक्टचे वेगळे घे, सही-शिक्क्याचे, कंपनी चालू आहे तोवर. नंतर सही करायला तिथे कुणी नसेल. बायोडाटा दोन पानांच्या वर नको, मेलने पाठव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शऱ्या