पांढऱ्या वाइनची जोडी गोडी पाहून ठरवा

संपादक महोदय,

वाइन आणि जेवण या विषयावर पुरवण्यांत मजकूर आला की ‘पांढरी माशाबरोबर, लाल मटणाबरोबर’ हा सल्ला ठरलेला असतो. तो अर्धवट आहे. पांढऱ्या वाइनची जोडी जमते की फसते, हे तिच्यातला आंबटपणा आणि शिल्लक साखर, म्हणजे द्राक्षरस आंबल्यावरही उरलेली साखर, ठरवते. फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी, तूर शहराशेजारी असलेल्या व्हूव्रेची वाइन याचं उत्तम उदाहरण. ती शेनिन ब्लांक द्राक्षाची असते, आणि हेच द्राक्ष नाशिकच्या मळ्यांतही पिकतं.

व्हूव्रे ठणठणीत ड्राय, म्हणजे अजिबात गोड नसलेलीही असते आणि मधाळ गोडही. लेबलावर ‘सेक’ (ड्राय) असेल तर लिटरला साखर ४ ग्रॅमपर्यंत, आंबटपणा पुरेसा असल्यास ९ पर्यंत. ‘दमी-सेक’ची (अर्धवट ड्राय) मर्यादा १२, आंबटपणा त्या मानाने असल्यास १८. त्यावर ४५ ग्रॅमपर्यंत ‘मोअलो’ (गोड). अडचण अशी की कित्येक बाटल्यांवर यातलं काहीच छापलेलं नसतं. मग चाखूनच ठरवावं लागतं, आणि शेनिन तिथे हमखास फसवते. तिला मधाचा, पिकल्या सफरचंदाचा वास असतो; त्यामुळे पूर्ण ड्राय वाइनही गोड भासते. उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या आणि तोंडात फिरवा. वास बंद झाला की जिभेला फक्त खरी साखर आणि आंबटपणा कळतो. घोट गिळल्यावर तोंडाला किती पाणी सुटतं, त्यावरून आंबटपणाचा अंदाज घ्या. मग नाक सोडा.

ग्लास एक तृतीयांशच भरा. आधी न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा घ्या. ओल्या लोकरीसारखा वास आला तर घाबरू नका, तो शेनिनचा स्वभाव आहे. भिजलेल्या, कुबट पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र दोष बुचाचा; ती बाटली परत करावी. तळाशी दिसणारे पांढरे खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात, ते निरुपद्रवी.

थंडपणाचा अतिरेक ही आपल्याकडची मोठी चूक. घरच्या फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास वास मिटतो, गोडी दबते आणि नुसता आंबटपणा टोचतो. सेकला ८ ते १० अंश पुरे, मोअलोला १० ते १२. आपल्या हवेत बाटली पंधराएक मिनिटं आधी बाहेर काढली तरी भागतं.

व्हूव्रेकडच्या लोकांची सेकबरोबरची आवडती जोडी म्हणजे नदीतला साँद्र मासा आणि बर ब्लां हा लोण्याचा सॉस. दोन छोटे कांदे बारीक चिरून १०० मिली वाइन आणि ५० मिली व्हिनेगरमध्ये दोन चमचे उरेपर्यंत आटवतात आणि मंद आचेवर २०० ग्रॅम थंड लोणी तुकड्यातुकड्याने फेटत घालतात. सॉस ६० अंशांच्या वर तापला की फुटतो, लोणी वेगळं होतं. उकळी तर येऊच देऊ नये. वाइनच्या आंबटपणाने लोण्याचा जडपणा कापला जातो. मीठ आंबटपणा सौम्य करतं, म्हणून सेंत-मोर हे राख लावलेलं, मधून काडी घातलेलं बकरीच्या दुधाचं खारट चीजही सेकबरोबर जमतं.

आपल्या जेवणाशी सेक लावताना जपून. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते आणि ड्राय वाइन कडवट लागते. तिखट तव्यावरच्या सुरमईला दमी-सेक हवी. चिंच किंवा कोकमाची आमटी वाइनहून आंबट झाली तर वाइन पाणचट लागते. तिथे दमी-सेकही वाचवत नाही. नारळाच्या दुधातलं, बेताचं तिखट कालवण असेल तर दमी-सेक छान बसते.

म्हणून विनंती, यापुढे वाइनवर लिहिताना नावासोबत तिची साखर आणि पिण्याचं तापमानही द्यावं. नाशिकच्या शेनिनबद्दल तर हे आवर्जून हवं, कारण तिच्याही काही बाटल्या ड्राय, तर काही गोडसर असतात.

– एक वाचक, नाशिक