घरच्या व्यवसायात जागेचे भाडे हिशेबात धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातून व्यवसाय सुरू करण्याविषयी जे लेख छापून येतात, त्यांत पहिला फायदा ठरलेला असतो : जागेचे भाडे लागत नाही. मग येण्याजाण्याचा वेळ वाचतो, घराकडे लक्ष देता येते वगैरे. तोट्यांत एकटेपणा आणि घरच्यांचा व्यत्यय. यातले काहीच खोटे नाही. पण चांगले काम हातात असूनही घरचा व्यवसाय दोन-तीन वर्षांत थकतो, तेव्हा मूळ पुष्कळदा त्या पहिल्या फायद्यात असते. भाडे द्यावे लागत नाही म्हणून ते हिशेबातही धरले जात नाही, आणि तिथून वस्तूची किंमतच चुकते.

फायदा खरा आहे, हे आधी नीट सांगायला हवे. गाळा घेतला की महिन्यात एकही ऑर्डर आली नाही तरी भाडे, वीजजोडणीचा ठरावीक आकार आणि अनामतीत अडकलेली रक्कम डोक्यावर असते. घरी हा स्थिर खर्च फार कमी, त्यामुळे चूक करणे परवडते. तीन महिने एक वस्तू करून पाहावी, खपली नाही तर थांबावे, दुसरी करावी. गाळेवाल्याला ही मोकळीक नसते. प्रवासाचेही तसेच. जायला 45 मिनिटे आणि यायला 45 मिनिटे धरली, तर 25 दिवसांच्या महिन्यात साडेसदतीस तास होतात, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ पाच दिवस. हे पाच दिवस कामात गेले तर ती मोठी कमाई आहे.

आता भाड्याचा हिशेब. घराचे क्षेत्रफळ 600 चौरस फूट आणि टेबल, मांडणी व माल मिळून 90 चौरस फूट कायमचे अडले असतील, तर घराचा 15 टक्के भाग व्यवसायाने घेतला आहे. तशाच घराला त्या भागात जे भाडे पडते, त्याचे 15 टक्के दरमहा खर्चाच्या बाजूला लिहावे, घर स्वतःच्या मालकीचे असले तरीही. जागा दिवसातून थोडाच वेळ वापरात असेल तर तासही धरावेत. बैठकीच्या खोलीतली 40 चौरस फूट जागा रोज सहा तास लागत असेल, तर 40 भागिले 600 म्हणजे 6.7 टक्के आणि त्याचा पाव, म्हणजे साधारण 1.7 टक्के. मांडणीवरचा माल मात्र चोवीस तास तिथेच असतो, त्याला पूर्ण भाडे. करासाठी यातले किती मान्य होईल ते त्या त्या ठिकाणच्या नियमांवर ठरते. हा हिशेब किंमत ठरवण्यासाठी आहे.

आणि ही रक्कम नुसती लिहू नये. व्यवसायाच्या खात्यातून दरमहा काढून वेगळ्या खात्यात ठेवावी. पुढे जागा घ्यायची वेळ आली की अनामत तिथूनच निघते. हे पहिल्या महिन्यापासून करायला हवे, कारण गिऱ्हाईकाला जी किंमत पहिल्या वर्षी सांगितली ती त्याच्या मनात पक्की होते. काम वाढल्यावर जागा घेतली आणि त्या भाड्यासाठी किंमत एकदम चढवली, की जुने गिऱ्हाईक दुरावते. म्हणजे व्यवसाय घरात राहिला तर जागा पुरत नाही, आणि बाहेर पडला तर किंमत पुरत नाही. या कोंडीतून नंतर वाट काढणे फार अवघड असते. शिवाय भाडे न धरता ठरवलेल्या दरामुळे त्याच कामातल्या इतरांचे दरही खाली ओढले जातात, यात घरून काम करणारेही आले.

दुसरी गळती वेळेची. महिन्याला 25 दिवस, रोज आठ तास, म्हणजे 200 तास काम झाले असे धरून दर काढला जातो. प्रत्यक्षात सामान आणणे, फोन, निरोपांना उत्तरे, नमुने दाखवणे, बांधणी, वसुली, वह्या या सगळ्यांत समजा 80 तास जातात. ज्याचे पैसे गिऱ्हाईक देते ते काम उरते 120 तासांचे. महिन्याला हवी असलेली रक्कम 200 ने भागली की दर हवा त्यापेक्षा 40 टक्के कमी लागतो. म्हणून अंदाज न करता दोन आठवडे वहीत दर अर्ध्या तासाची नोंद ठेवावी : तयार करणे, बोलणे, ने-आण, हिशेब आणि घरकाम, असे पाच रकाने पुरतात. घरकामाचा रकाना टाळू नये. मधल्या वेळात कुकर लावला, दार उघडले, शाळेचा फोन घेतला, ही मिनिटे कामाच्या तासांत मोजली की एका वस्तूला लागणारा वेळच चुकीचा निघतो.

तिसरी गोष्ट अगदी साधी, पण तिच्यात सर्वाधिक लोक फसतात. 100 च्या खर्चावर 25 टक्के चढवून किंमत 125 ठेवली. सणाला किंवा ओळखीत 20 टक्के सूट दिली. 125 चे 20 टक्के म्हणजे 25, हातात राहिले पुन्हा 100. खर्चावर 25 टक्के म्हणजे विक्रीवर 20 टक्केच नफा असतो, आणि सूट नेहमी विक्रीच्या किमतीवर जाते. त्यात त्या 100 मध्ये जागा, वीज आणि स्वतःची मजुरी धरलेली नसेल, तर ही विक्री तोट्यातली आहे आणि वहीत तसे दिसतही नाही. स्वतःची मजुरी ठरावीक तारखेला ठरावीक रकमेनेच घ्यावी. गरज पडेल तसे गल्ल्यातून उचलत राहिले की महिनाअखेरीस नफा किती आणि घरखर्चाला गेले किती, हे सांगता येत नाही. खाते वेगळे, मोबाइलचा क्रमांक वेगळा, खरेदीची पावती वेगळी. या तिन्हींना फारसा खर्च नाही.

विजेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे पैशांबरोबर जिवाचाही प्रश्न आहे. एक युनिट म्हणजे 1000 वॅटचे उपकरण एक तास चालणे. 60 वॅटचा लॅपटॉप आठ तास चालवला तर अर्धे युनिटही जळत नाही. 2000 वॅटची भट्टी तीन तास सतत तापली तर सहा युनिटे. तापमान धरून ठेवणारी असेल तर मध्ये मध्ये बंद होते, म्हणून थोडी कमी. तेव्हा लेखन-संगणकाच्या कामाला विजेची काळजी नको, तापवणाऱ्या उपकरणांच्या कामाला सबमीटर, म्हणजे फक्त त्या कामाची वीज मोजणारा वेगळा मीटर, बसवून घ्यावा म्हणजे अंदाज करावा लागत नाही. धोका एक्स्टेन्शन बोर्डात आहे. 230 व्होल्टच्या जोडणीवर 2000 वॅटची भट्टी 8.7 अँपिअर ओढते, 1500 वॅटची इस्त्री साडेसहा. दोन्ही एका बोर्डावर लावली की 15 अँपिअरच्या वर गेले, आणि बोर्ड असतो पुष्कळदा 6 किंवा 10 अँपिअरचा. वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते : प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. सैल झालेल्या पिनपाशी ती एकाच जागी साठते, प्लास्टिक आधी पिवळे पडते, मग काळे. घराची वायरिंग टाकताना असे तासन्‌तास चालणारे काम कोणी धरलेले नसते. मोठ्या उपकरणाला मुख्य पेटीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, घ्यावा. हा खर्च पहिल्याच भांडवलात धरावा.

रंग, गोंद, थिनर, रेझिन असे काही वापरात असेल तर आणखी एक काळजी. बहुतेक द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत पोचू शकते. वर पंखा लावून भागत नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात आणि त्या वेळी घरात ज्योत नको. हे जमत नसेल तर ते काम घरात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान मुले असलेल्या घरात तर मुळीच नको.

माल पाठवणाऱ्यांसाठी बांधणीची गोष्ट. बऱ्याच कुरिअर सेवा प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त त्यावर पैसे लावतात. आकारमानाचे वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला सामान्यतः 5000 ने भागतात. दीड किलोची वस्तू 40 × 30 × 20 च्या खोक्यात घातली तर 24000 भागिले 5000, म्हणजे 4.8 किलोचे पैसे पडतात. तीच वस्तू 30 × 20 × 15 च्या खोक्यात बसत असेल तर 1.8 किलो. घरात आलेले जुने खोके फुकट म्हणून वापरले जाते आणि प्रत्येक पाठवणीला तीन किलोचे जादा पैसे जातात. दोन किंवा तीन मापांची खोकी ठरवून घेतली की हा खर्च आटोक्यात येतो, आणि ती घडी करून ठेवता येत असल्याने जागाही कमी अडते.

लेखांत सहसा न येणारा आणखी एक प्रकार आहे. कच्चा माल दुसऱ्याचा, नमुना दुसऱ्याचा, दर दुसऱ्याने ठरवलेला आणि नगावर मजुरी : याला घरचा व्यवसाय म्हटले जाते, पण तो व्यवसाय नाही, घरी बसून केलेली मजुरी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 मध्ये घरी बसून मजुरीवर काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार केला, तो अशाच कामासाठी. स्वतःच्या निर्णयाने चालणारा स्वतंत्र व्यावसायिक त्यात येत नाही. फरक महत्त्वाचा आहे, कारण नगाच्या मजुरीत जागा, वीज, सुई-दोऱ्यासारखे किरकोळ साहित्य आणि नाकारलेल्या मालाचा भार करणाऱ्यावर पडतो, आणि किंमत वाढवण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नसतो. असे काम घेताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : माल कोणत्या दोषासाठी नाकारला जाईल, नाकारलेल्या नगाची मजुरी कापली जाईल की कच्च्या मालाची किंमतही, आणि पैसे किती दिवसांत मिळतील. आधी अनामत मागणाऱ्याचे काम घेऊच नये.

परवानगी आणि विमा यांबद्दल थोडक्यात. इमारतीचे नियम आणि भाडेकरार आधी वाचावेत. शांतपणे, पाहुण्यांविना चालणाऱ्या कामाला सहसा कोणी हरकत घेत नाही. माणसांची ये-जा, माल उतरवणारी गाडी, वास आणि जमिनीतून जाणारी थरथर यांवरून तक्रारी होतात. शिलाई वा तत्सम यंत्राखाली जाड रबरी चटई घातली आणि यंत्र भिंतीपासून थोडे दूर ठेवले की थरथर बरीच कमी होते. घराच्या विम्यात व्यवसायाचा माल आणि कामासाठी आलेल्या माणसाला झालेली इजा बहुतेकदा धरलेली नसते. विमा कंपनीला व्यवसाय सुरू केल्याचे लेखी कळवावे, नाहीतर आगीनंतर घराचा दावाही वादात सापडतो.

घरच्यांच्या व्यत्ययाची तक्रार सगळे करतात, उपाय क्वचितच सांगतात. तुम्ही दिसता म्हणून मोकळे आहात असे वाटते, एवढेच त्याचे कारण. कामाचे तास कागदावर लिहून दाराला लावणे, गिऱ्हाईकाला निरोपाची वेळ ठरवून देणे, आणि एकाग्रतेचे काम सलग दोन तासांच्या तुकड्यांत करून किरकोळ कामे एकत्र उरकणे, याने फरक पडतो. उलट दिशेची मर्यादाही तितकीच हवी. रात्री अकराला आलेल्या निरोपाला उत्तर दिले की पुढचा निरोप बाराला येतो, आणि घरात राहूनही माणूस घरच्यांच्या वाट्याला येत नाही.

घरातून मोठे झालेल्या उद्योगांची उदाहरणे नेहमी दिली जातात. ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी 1939 मध्ये अमेरिकेत पालो आल्टोतल्या गॅरेजमधून कंपनी (पुढे संगणकांसाठी प्रसिद्ध झालेली एचपी) सुरू केली, हे सर्वांना ठाऊक असते. 1940 मध्ये त्यांनी ते गॅरेज सोडून मोठी जागा घेतली, हे मात्र कोणी सांगत नाही. बाहेर पडण्याची वेळ ओळखायला तीन खुणा आहेत. सलग तीन महिने जागेअभावी ऑर्डर परत कराव्या लागणे. मालाची खोकी झोपण्याच्या खोलीत किंवा बाहेर जाण्याच्या वाटेवर येणे. आणि बाहेरचा मदतनीस ठेवावा लागणे. तिसऱ्या खुणेला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण परक्या माणसाला रोज आठ तास घरात बसवणे त्यालाही अवघड जाते आणि घरच्यांनाही. लगेच गाळा घ्यावा असे नाही. आधी फक्त साठवण बाहेर न्यावी, किंवा ठरावीक तासांसाठी जागा घ्यावी. वर सांगितलेले भाडे पहिल्या महिन्यापासून वेगळे ठेवले असेल, तर हे पाऊल कर्जाशिवाय टाकता येते.

आपल्या वृत्तपत्रात घरगुती उद्योगांविषयी मजकूर येत असतो. त्यात प्रत्येक उद्योगापुढे किती चौरस फूट जागा लागते, किती वॅटची उपकरणे लागतात, एका नगाला एकूण किती मिनिटे जातात आणि पैसे किती दिवसांनी हातात येतात, हे चार आकडे छापावेत, अशी विनंती आहे. भांडवलाचा आकडा छापला जातोच. त्याच्या शेजारी हे चार असले तर वाचकाला सुरुवात करण्याआधीच कागदावर हिशेब करून पाहता येईल.

आपला,
लहान व्यवसायांचे हिशेब पाहणारा एक वाचक