दुधाच्या सॅम्पलवरून गाभण तपासणी सुरू करा

संपादक महोदय,

दूध दराच्या बातम्या तुम्ही छापता, छापायलाच पाहिजेत, पण गोठ्यातला पैसा भाकड दिवसांत किती जातो यावर कोण लिहीतच नाही. गाय भरवली, २१ दिवसांनी उलटली नाही (म्हणजे पुन्हा माजावर आली नाही) की आपण गाभण धरून चालतो आणि डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी हात घालून बघतात तेव्हा कळतं, रिकामीच आहे. मधले माज मुके, म्हणजे बाहेरून न दिसताच गेले, खुराक मात्र चालूच!

आता गाय गाभण राहिली की वारेतल्या काही खास पेशी (एकेका पेशीत दोन केंद्रकं असतात) पॅग नावाची प्रथिनं बनवतात, ती गाईच्या रक्तात उतरतात, थोडी दुधातही येतात. यातलं एक प्रथिन १९८२ मध्येच सापडलंय, म्हणजे हे काय कालचं संशोधन नाही. भरवल्यापासून साधारण २८ दिवसांनी तपासलं तर कळतं आणि परदेशात ही तपासणी दुधावरून होतेय, म्हणजे सुईसुद्धा नको. आमच्याकडं काहीजण मेडिकलमधली बायकांची पट्टी गाईच्या लघवीत बुडवून बघतात, त्यात काही अर्थ नाही, ती पट्टी एचसीजी शोधते आणि गाईत ते हार्मोन तयारच होत नाही.

फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) मोजायला दूध रोज संकलन केंद्रावर जातंच, पण किटलीतलं एकत्र दूध इथं चालणार नाही, त्या गाईचं वेगळ्या बाटलीत द्यावं लागेल. आणि कालवडीला दूध नाही म्हणजे तिचं रक्तच घ्यावं लागणार. शिवाय आधीच्या वेताची प्रथिनं व्याल्यावरही दोनेक महिने रक्तात रेंगाळतात, तेवढ्यात तपासलं तर रिकामी गाय गाभण दिसायची. गर्भ सुरुवातीलाच मेला तरी रिपोर्ट काही दिवस गाभणच दाखवतो, म्हणून नंतर डॉक्टरांकडून खात्री करायचीच. पण रिकामी निघालेली गाय महिन्याभरात कळली तर पुढचा माज तरी हातचा जात नाही.

उरुळी कांचनला १९६७ साली मणिभाई देसाईंनी बाएफ ही शेती-पशुपालनाची संस्था सुरू केली, घरपोच कृत्रिम रेतन पुणे जिल्ह्याला नवं नाही. मग तपासणीच का मागं? दूध संघांनी निदान एका तालुक्यात करून बघावं, पैसे दुधाच्या बिलातून कापा, पशुखाद्याचे कापताच की.

– एक दूध उत्पादक, ता. हवेली, जि. पुणे