यादीत मार्टी राहिला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत प्रेमाच्या सिनेमांवर पानभर आलंय ते वाचलं, फोटो छान आहेत, पण सगळे हिरो डोंगरावर नाहीतर ट्रेनच्या दारात आणि हिरॉइनींचं तर विचारूच नका. त्यात १९५५ चा मार्टी नाही म्हणून हे पत्र. मुलीने लॅपटॉपवर लावून दिला, दीड तासाचा ब्लॅक अँड व्हाइट, मला वाटलं डुलकी लागेल, पण जेवणाची भांडी सिंकमध्ये तशीच राहिली.

स्टोरी म्हणाल तर एवढीशी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला मार्टी मटणाच्या दुकानात कामाला, वय ३४, अंगाने जाडा, धाकटी भावंडं सगळी लग्न होऊन गेलेली आणि गिऱ्हाईक बायका मटण घेता घेता याला झापतात की तुझं कधी, लाज कशी नाही वाटत. क्लारा २९ ची, शाळेत केमिस्ट्री शिकवते. डान्स हॉलमध्ये तिला घेऊन आलेल्या बाब्याला तिथे दुसरीच कोणी भेटते, तर तो सरळ मार्टीला म्हणतो, पाच डॉलर घे आणि हिला घरी सोडून दे.

इथे मी पॉज केला. मी इंदूरच्या शाळेत ३१ वर्षं सायन्स शिकवलंय, लग्न झालं ३३ व्या वर्षी, त्याआधी किती वेळा पोहे केले ते आईलाच माहीत, आणि एका ठिकाणून निरोप आला होता की मुलगी बरीये पण हिच्या पाठची कोणी असेल तर दाखवा. हे पाच डॉलरच झाले ना?

मार्टी झालेल्या अर्नेस्ट बोर्गनाइनला लोकांनी तोवर मारकुट्या व्हिलनच्या रोलमध्ये पाहिलेलं, त्याला यात ऑस्कर मिळालं, शिवाय बेस्ट पिक्चर, डायरेक्शन आणि स्क्रिप्ट धरून एकूण ४, फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलचं मोठं बक्षीस वेगळं. आणि मुळात हे १९५३ चं टीव्हीवरचं नाटक! पण ते सगळं असू दे, मला सांगायचंय ते दुसरंच. यात व्हिलन कोणीच नाही, व्हिलन घरचेच. ज्या आईने लग्नासाठी त्याचं डोकं खाल्लं तीच क्लाराला बघून म्हणते ही आपल्यातली नाही, इटालियन नाही, कारण आईच्याच बहिणीला तिच्या सुनेने घरात ठेवलं नाही ना, मग हिलाही धास्ती की उद्या आपलं काय. मित्र म्हणतात दिसायला काही खास नाही. आणि तो गडी, रात्रभर जिच्याशी बोलून पोट भरलं नाही, तिला दुसऱ्या दिवशी कबूल केलेला फोन करतच नाही. ती बिचारी आईबापाबरोबर टीव्हीसमोर बसून डोळे पुसतेय. लास्टला उठतो तो, मित्रांना झापतो आणि फोनबूथमध्ये शिरतो, पण ती संध्याकाळ तिची गेलीच की.

आमच्या ह्यांचंही सेम. आम्ही सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खात उभ्याउभ्या दोन तास बोललो, रविवारी फोन करतो म्हणाले, आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, शेजारच्या काकूंचा नंबर दिलेला. रविवार गेला, सोमवार गेला, मी बोर्डावर न्यूटनचा तिसरा नियम लिहिताना दुसराच लिहून बसले, मुलं हसली. बुधवारी स्वतःच दारात हजर, स्कूटर स्टँडवर लावून. नंतर कळलं की मधल्या दिवसांत सासूबाईंनी आणि यांच्या एका मित्राने माझ्या रंगावरून आणि वयावरून बरंच काय काय ऐकवलं होतं. म्हणजे प्रेम जमायला दोन तास लागतात आणि घरच्यांचं बोलणं कानातून काढायला तीन दिवस, आता हे कुठल्या सिनेमात दाखवतात सांगा. आत्ताही आपल्याकडच्या परिचय मेळाव्यात जाऊन बघा, फॉर्मवर रंगाचा कॉलम आहेच, फक्त आता त्याच्या शेजारी पॅकेजचा आलाय.

तेव्हा पुढची यादी कराल त्यात मार्टी घ्या, अगदी दहावा नंबर दिलात तरी चालेल.

ता.क. पाठवायच्या आधी हे पत्र ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणतात, मी रविवारीच फोन केला होता, काकूंनी तुला बोलावलंच नाही. तीस वर्षांत हे आज पहिल्यांदा ऐकतेय. काकू आता नाहीत. छापायचं तर हेही छापा.

— एक निवृत्त शिक्षिका, लोकमान्य नगर, इंदूर