नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या गाईड दादांना

दादा, नमस्कार.

जानेवारीतल्या त्या रविवारी चापडगावच्या मनोऱ्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या, कानटोपीतल्या मावशी आठवतात का? मी त्यांची मुलगी. निघताना घाईत नुसतं 'थँक्यू' म्हटलं, ते मनाला लागून राहिलंय.

त्याआधी एका ग्रुपबरोबर आम्ही दुसऱ्या पाणथळीवर गेलो होतो. आईचेही पूर्ण पैसे घेतले आणि पोचल्यावर, "काकूंना बसमध्येच बसू द्या," म्हणून मंडळी मोठाल्या लेन्स सावरत निघून गेली. आईने तीन तास काचेतून पार्किंगमधल्या साळुंक्या पाहिल्या. वर मलाच समजावते, "साळुंक्याही पक्षीच की गं!"

म्हणून तुम्हाला मी आधीच सांगून टाकलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती खालीच बसेल. तुम्ही वाद घातला नाहीत. टेलिस्कोप घेऊन खाली उतरलात, ट्रायपॉडचे पाय आत सरकवलेत आणि मातीत उकिडवे बसून तो खुर्चीच्या उंचीला आणलात. आई वाकायला लागली तर म्हणालात, "मावशी, तुम्ही नाही वाकायचं, ह्याला वाकवू." मग शर्टाच्या टोकाने काच पुसलीत. ते पुसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पहिलंच दिसलं हळदी-कुंकू बदक. चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल ठिपका. "अगंबाई, खरंच लावलंय की!" आई एवढ्यांदा ओरडली की शेकाट्या उडाल्या. काळ्याभोर अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी पक्षी दाखवलात, तर त्याची माळ कुठंय म्हणून तिने तुम्हालाच विचारलं! मागे दोन कॅमेरेवाले ताटकळत होते. "जरा थांबा," म्हणालात तसे थांबले बिचारे, एकाने तर आईला थर्मासमधला चहा दिला. अशी माणसं भेटतात, फक्त सुरुवात कुणीतरी करावी लागते.

गोदावरी-कादवेच्या संगमावरचा हा जुना बंधारा गाळाने भरत गेला, त्या उथळ पाण्यामुळेच इथे पक्षी उतरतात, हे तुम्ही सांगितलेलं आई आता येईल त्याला ऐकवते. 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, हेही. 'रामसर' तिला रामाच्या सरोवरासारखं वाटतं. इराणमधलं शहर आहे ते, पण मी दुरुस्त करत नाही.

चक्रवाक परत जायच्या आत पुन्हा येतोय. खुर्ची तेवढी ठेवा.