विषय: तुर्की अक्षरांची तक्रार न सोडवताच बंद केल्याबाबत

आत्ताच तुमच्या सपोर्टशी बोलून फोन ठेवला. पाठोपाठ ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा मेल आला. निवारण काहीही झालेलं नाही.

आमचं पुण्यातलं ऑफिस तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरातल्या एका कारखान्याची स्ट्रक्चरल ड्रॉइंग करतं. तुमच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरचं नवं अपडेट टाकल्यापासून त्यातल्या एसएचएक्स (रेषांनी काढलेल्या अक्षरांच्या) फॉन्टमध्ये शेपटीचा एस, टोपीचा जी आणि बिनटिंबाचा आय यांच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं. बीमला तुर्की भाषेत ‘किरिश’ म्हणतात, शेवटी तोच शेपटीचा एस. आमच्या शीटवर ‘किरि’ आणि पुढे प्रश्नचिन्ह छापून येतं. तोच मजकूर प्रॉपर्टीजमध्ये पाहिला की अक्षर व्यवस्थित दिसतं. म्हणजे फाइल ठीक आहे, तुमच्या फॉन्टमधून अक्षराचा आकारच गेला आहे. एरियल हा साधा फॉन्ट लावून काम भागतं, हे मलाही माहीत आहे. पण क्लायंटच्या स्टँडर्डमध्ये एसएचएक्सच बंधनकारक आहे.

जुन्या डीएक्सएफमध्ये (ड्रॉइंगची देवाणघेवाण करायच्या फाइल-प्रकारात) सेव्ह केलं तर आणखी वाईट. अक्षरांचा तक्ता, म्हणजे कोडपेज, तुर्कीचं 1254 असायला हवं, त्याऐवजी पश्चिम युरोपीय भाषांचं 1252 धरलं जातं आणि त्या एसच्या जागी थॉर्न हे आइसलँडिक अक्षर येतं. शेपटीचा सी आणि दोन टिंबांचे ओ, यू तेवढे वाचतात, कारण दोन्ही कोडपेजमध्ये त्यांची जागा एकच आहे. इतका स्पष्ट पुरावा स्क्रीनशॉटसह पाठवला होता.

आणि आज तुमचा प्रतिनिधी मला म्हणतो, “मॅडम, साधा एस टाका ना, वाचणाऱ्याला कळतं.” मी म्हटलं, टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे शीटवरच्या माहितीच्या चौकटीत, क्लायंटच्या कंपनीचं नाव आहे, ते मी चुकीचं लिहू? तर म्हणे, “बाकी कुणाची तक्रार नाही.” मी विचारलं, माझी फाइल उघडून पाहिलीत का? बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग उत्तर आलं, “फाइल उघडणं आमच्या स्कोपमध्ये येत नाही.” मग कुणाच्या येतं? “मी हे तिकीट क्लोज करतो, तुम्ही नवीन टाका.” मी नको म्हणत असतानाच त्याने ते बंद केलं. वर सेवेला पाचपैकी किती गुण द्याल, हेही विचारलं!

फाइल न बघता तक्रार बंद करता? ही अक्षरं 1928 पासून तुर्कस्तानच्या वर्णमालेत आहेत. तिथे तुम्ही हेच सॉफ्टवेअर विकता.

तुमच्या भरवशावर मी आमच्या ऑफिसात हे सॉफ्टवेअर आणण्याचा आग्रह धरला होता, म्हणून जास्त लागलं. जुनं तिकीट पुन्हा उघडा, फाइल डेव्हलपमेंट टीमकडे पाठवा आणि दुरुस्त फॉन्ट कधी देणार ते लेखी कळवा. पुढच्या महिन्यात आमच्या सगळ्या लायसन्सचं नूतनीकरण आहे. तोवर उत्तर आलं नाही, तर ते होणार नाही, आणि का नाही हे बुर्साच्या क्लायंटलाही मी या पत्राच्या प्रतीसह कळवेन.