आधी उतार, मग चढ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील परदेशातील भटकंतीवरच्या लेखात सिडनीच्या ‘ग्रेट नॉर्थ वॉक’चे वर्णन ‘लोकलने जाऊन लोकलने परतता येईल अशी रमतगमत करायची वाट’ असे आले आहे. लोकलने जाता येते, हे खरे आहे. ‘रमतगमत’ हा शब्द मात्र निदान काउअन ते ब्रुकलिन या टप्प्यापुरता तरी मागे घ्यावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. दिवाळीनंतर मुलांकडे चार महिने राहायला येणारे अनेक मराठी आईवडील असे लेख वाचून कात्रण जपून ठेवतात, आणि ते येथे पोहोचतात तेव्हा इकडे ऐन उन्हाळा असतो.

ऑस्ट्रेलियातील युरोपीय वसाहतीच्या द्विशताब्दीनिमित्त 1988 साली खुली झालेली ही वाट सिडनीपासून न्यूकॅसलपर्यंत सुमारे 250 किलोमीटर जाते. सलग चालणारे थोडेच. बहुतेक लोक एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंतचा एखादा तुकडा निवडतात. काउअन ते ब्रुकलिन हा तुकडा जेमतेम 13 किलोमीटरचा आहे. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण फसगत नेमकी तेथेच होते.

सिडनीच्या उत्तरेचा हा प्रदेश वालुकाश्माचे पठार आहे. रस्ते, रेल्वे आणि वस्ती पठाराच्या माथ्यावरून, धारेधारेने गेलेली आहेत, आणि मधले खोरे ओढ्यांनी खोल चिरत नेले आहे. सह्याद्रीत आपण पायथ्याच्या गावातून गड चढतो, दम संपला तर निम्म्यातून मागे फिरतो आणि थकलेल्या पायांच्या वाट्याला उतार येतो. येथे हा हिशेब उलटा आहे. काउअन स्टेशन समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटर उंचीवर आहे. तेथून सावलीतल्या ओढ्याकाठाने, बोलत बोलत, तासाभरात माणूस जेरुसलेम बे या खाडीवर पोहोचतो आणि ट्रेक किती सोपा आहे असे त्याला वाटू लागते. खरा चढ त्यानंतर सुरू होतो. तो संपला, की पुन्हा एका ओढ्यापर्यंत उतरावे लागते आणि पुन्हा चढावे लागते. मागे फिरायचे ठरवले, तरी स्टेशन वरच आहे. सकाळी आठला निघालेल्या माणसाच्या वाट्याला हे सगळे चढ दहा-अकराच्या उन्हात येतात, आणि पश्चिमेकडून गरम वारा सुटला तर येथला पारा सहज चाळिशीला टेकतो.

पाण्याचे तर आणखीच वेगळे. खाडी डोळ्यांसमोर असते, पण हिमयुग संपल्यावर समुद्र चढून बुडालेल्या दरीची ती खाडी आहे. भरती-ओहोटीचे ते पाणी खारे. वरच्या अंगाचे ओढे उन्हाळ्यात आटतात, आणि वाहते असले तरी ते पाणी न उकळता पिऊ नये. धारेवर कातळात खोदलेले टाके नाही, वाटेत वाडी नाही, ताकाचा ग्लास पुढे करणाऱ्या मावशी नाहीत. आपल्याकडच्या भटक्याला मदतीची जी नकळत सवय झालेली असते, ती येथे घरी ठेवूनच निघावे लागते. माणशी किमान तीन लिटर पाणी पाठीवर हवे. घळीत मोबाइलची रेंज बहुतेक ठिकाणी मिळत नाही. म्हणून कोठून कोठे जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी लिहून ठेवणे, आणि शक्य असल्यास उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारा बीकन जवळ बाळगणे, ही येथली साधी रीत आहे. साप चावल्यास बांधण्यासाठी रुंद क्रेप बँडेज सोबत असतेच. येथील वनविभाग आगीच्या धोक्याच्या दिवशी वाटा बंद करतो. आदल्या रात्री त्यांचे संकेतस्थळ पाहिल्याशिवाय निघू नये.

या साऱ्यामुळे कोणी जाऊच नये, असे मला मुळीच सुचवायचे नाही. वालुकाश्मावर वाढणाऱ्या अँगोफोरा झाडाची मुळे कातळावरून वितळलेल्या मेणासारखी ओघळून पुन्हा फटीत शिरलेली दिसतात, आणि उन्हाळ्यात जुनी साल गळून पडली की आतले खोड नारिंगी-गुलाबी निघते. हे उभे राहून पाहावे असे आहे. त्याच झाडाखाली पायाकडेही लक्ष हवे, कारण लोहमिश्रित बारीक खडे आणि निलगिरीची गोल बोंडे मिळून उतारावर असा घसारा तयार होतो, की कोकणकड्यावर फिरलेला माणूसही येथे हात टेकतो.

गुडघ्यांची तक्रार असलेल्या ज्येष्ठांसाठी पर्याय आहे. उलट बाजूने, म्हणजे ब्रुकलिनच्या हॉक्सबरी रिव्हर स्टेशनावरून तेथल्या जुन्या धरणापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतावे. हे धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधले गेले होते. स्टेशन खाडीच्या पातळीवर असल्याने येथे चढ आधी येतो, तो न झेपल्यास केव्हाही मागे फिरता येते आणि परतीचा उतार सुखाचा जातो. एप्रिल ते सप्टेंबर हा चालण्याचा खरा हंगाम आहे. मात्र जूनमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे जमेस धरूनच निघावे.

ऑस्ट्रेलियात पायवाटांना 1 ते 5 अशी काठिण्यश्रेणी दिली जाते. पुरवणीत यापुढे येथील वाटांवर लेख छापताना किलोमीटरच्या आकड्याशेजारी ती श्रेणी, एकूण चढ-उतार आणि पिण्याच्या पाण्याची ठिकाणे एका लहान चौकटीत द्यावीत, आणि मूळ लेखाची दुरुस्ती येत्या अंकातच छापावी, कारण डिसेंबरची तिकिटे काढून झालेली आहेत.

आपला,
एक वाचक, हॉर्न्सबी, सिडनी